दोघींची एकाच गुरुवारी रजा

रजा मागायला येणारं माणूस मला दारातूनच ओळखू येतं! ते आधी माझ्याकडे बघत नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतं. मग उगाचच विचारतं, "बाई, चहा झाला का?" माझ्या चहाची एवढी काळजी माझ्या लग्नाच्या नवऱ्यानेसुद्धा कधी केलेली नाही! असा प्रश्न आला की मी चष्मा काढून पुसायला घेते आणि मनात म्हणते, बोला, आज घरात कोण आजारी पडलंय?

बालवाडी चालवायची म्हणजे मुलं सांभाळायची, असा लोकांचा एक गोड गैरसमज असतो. मुलं काय हो, सांभाळली जातात. सांभाळावं लागतं ते मोठ्यांना. आमची बालवाडी वसाहतीची आहे. वसाहतीतल्या लोकांनीच समिती स्थापन करून सभागृहामागच्या तीन खोल्यांत ती सुरू केली, आणि पहिल्या दिवसापासून मी तिची व्यवस्थापिका. मला सगळे 'मोठ्या बाई' म्हणतात. वयामुळे म्हणतात की आकारामुळे, याची मी चौकशी लावली होती, पण समाधानकारक उत्तर मिळालं नाही.

तर सांगत काय होते, रजेच्या बाबतीत माझ्या डोळ्यांत धूळ फेकणारं माणूस अजून जन्माला यायचंय. मागे एकीने सकाळी सकाळी फोनवर खोकून दाखवलं. मी म्हटलं, "परत खोका." ती परत खोकली. "आता हसा बघू." तर हसली की हो खळखळून! "या कामावर!" म्हटलं, आणि ठेवला फोन!

आता तुम्ही म्हणाल, एवढी कडक कशाला राहते ही बाई? तर आमच्या कामातला एक नियम तुम्हाला सांगायलाच हवा. खोलीत मूल असेल, तर त्या खोलीत प्रशिक्षण पूर्ण केलेली, प्रमाणपत्रवाली बाई असलीच पाहिजे. पाणी प्यायला म्हणून ती बाहेर गेली तरी चालत नाही. आमच्या मावशींनी स्वतःची मुलं वाढवली, नातवंडं वाढवली, अर्ध्या वसाहतीची नाकं पुसली. पण नियमाप्रमाणे त्या कुठल्याही खोलीत मुलांजवळ एकट्या थांबू शकत नाहीत.

"म्हणजे या हिशेबाने जगातल्या कुठल्याही आईला स्वतःच्या मुलाजवळ एकटं ठेवायला नको," असं आमचे हे म्हणतात. ह्यांना चेष्टा करायला काय जातं! मान्यता ह्यांच्या नावावर थोडीच आहे!

आणि नेमकं मान्यतेचंच घोडं अडलेलं होतं. जुन्या मान्यतेची मुदत संपत आली होती. नवी देण्याआधी तपासनीसबाई येऊन बघून जाणार होत्या. कधी? ते सांगत नाहीत. अचानक येतात. आल्या, आणि एखाद्या खोलीत प्रमाणपत्रवाली बाई दिसली नाही, तर बालवाडीला कुलूप! मुलं घरी, मावशी घरी, आणि मी ह्यांच्यासमोर दिवसभर घरी. या शेवटच्या विचाराने तर माझ्या अंगावर काटाच यायचा.

आमच्याकडे प्रमाणपत्रं तिघींकडेच. एक मी. दुसऱ्या लहान गटाच्या बाई. त्यांचा आवाज इतका बारीक की मुलं त्यांना चिऊबाई म्हणतात. तिसऱ्या मोठ्या गटाच्या. त्या सगळं काही डफली वाजवून शिकवतात, म्हणून त्या डफलीबाई.

सोमवारी चिऊबाई माझ्या खोलीत आल्या. आल्या आल्या घड्याळाकडे बघितलं.

"बाई, चहा झाला का?"

मी चष्मा काढला.

"गुरुवारी रजा हवी होती. दाढ काढायची आहे."

"कुठली?"

"ही," त्यांनी उजव्या गालावर बोट ठेवलं.

"आ करा."

"अहो बाई!"

"करा म्हणते ना!"

त्यांनी आ केला. मी टेबलावरचा दिवा वळवून आत पाहिलं. एक दाढ काळी होती खरी. पण काळी दाढ तर माझ्याही तोंडात आहे! मी कुठे रजा मागत फिरते?

"गुरुवारच का?"

"डॉक्टर गुरुवारीच येतात."

"बरं. विचार करते."

दुपारी मुलं झोपली आणि डफलीबाई आल्या. त्यांनीही घड्याळाकडे पाहिलं. माझ्या चहाची चौकशी केली.

"गुरुवारी रजा हवी होती, बाई. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. डोळ्यांत थेंब घातले की त्यांना बराच वेळ काही दिसत नाही. हात धरायला कुणीतरी लागतं."

"मागच्या वेळी कुणी धरला होता?"

"दिरांनी."

"मग या वेळी दीर कुठे गेले?"

"बाहेरगावी."

"कशाला?"

"आता ते मी कसं विचारणार, बाई?"

"आणि गुरुवारच का?"

"डॉक्टर गुरुवारीच येतात."

झालं! माझे कान टवकारले. दातांचे डॉक्टर गुरुवारी, डोळ्यांचे डॉक्टर गुरुवारी. बाकीचे दिवस काय या गावात सगळे ठणठणीत असतात? कुठेतरी पाणी मुरत होतं!

त्या दिवसापासून मी दोघींवर नजर ठेवली. मधल्या सुट्टीत त्या नळापाशी उभ्या राहून कुजबुजत होत्या. मी पाण्याची बाटली घेऊन तिकडे गेले तर चिडीचूप! मंगळवारी चिऊबाईंच्या पिशवीतून एक प्लास्टिकची फाईल डोकावत होती. मला सांगा, दाढ काढायला फाईल कशाला लागते? दाढ काय अर्ज करून निघते?

आणि मंगळवारी संध्याकाळी घरी जाताना मला उत्तर मिळालं. ते चांगलं माझ्या उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं होतं! चौकात एक नवी बालवाडी निघालीय. काचेचं दार, रंगीत भिंती, दारात रबराचं हिरवं गवत. तिची मालकीण नेहमी अशी नटूनथटून असते की मी तिचं नाव चकचकीतबाई ठेवलंय. त्या काचेच्या दारावर फलक लावलेला होता. 'प्रशिक्षित शिक्षिका पाहिजेत. भेटण्याचा वार: गुरुवार.'

गुरुवार! मी फलक वाचला. चष्मा पुसून परत वाचला. गुरुवारच होता!

रात्रीच्या जेवणाला मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी शांतपणे भात कालवला आणि म्हणाले, "सरळ विचार ना त्यांना."

"सरळ विचारलं तर सरळ उत्तर देतं का कोणी?"

"तू कधी विचारून पाहिलंयस?"

अशा माणसाशी काय बोलणार! मी ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन बेत आखला. दोघी एकदम गेल्या तर बालवाडीचा कारभारच आटोपला. नवी बाई मिळायला महिने लागतात. प्रमाणपत्रवाली माणसं काय वाटेवर पडलेली असतात? तेव्हा त्यांना रंगेहाथ पकडायचं, लाजवायचं आणि परत आणायचं. त्यासाठी आधी रजा देणं भाग होतं.

बुधवारी मी दोघींना बोलावलं आणि चेहऱ्यावर जमेल तेवढा गोडवा आणून म्हटलं, "घ्या हो रजा! दाढ महत्त्वाची. सासूबाई तर फारच महत्त्वाच्या!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. चिऊबाईंचा चेहरा पडला. "बाई, तुमची तब्येत बरी आहे ना?" डफलीबाईंनी विचारलं. मी आणखी गोड हसले.

आता प्रश्न राहिला बालवाडीत थांबायचं कुणी, हा. तर त्याचीही सोय माझ्या हाताशी होती. माझी नणंद! ती आयुष्यभर शिशुवर्गाला शिकवून मागच्याच वर्षी घरी बसलीय. आमच्या घरात कुणाच्या मुलाने भोकाड पसरलं की ती म्हणते, "आण इकडे, हे आमचं शास्त्र आहे!" तिला फोन केला तर म्हणाली, "वहिनी, तुम्ही बिनधास्त जा. उलट माझेच हात शिवशिवतायत!" दोन्ही गट एका मोठ्या खोलीत बसवायचे, जवळ नणंद, मदतीला मावशी. नियम पाळला, माणूस घरचं! मी स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश झाले की ह्यांना आग्रह करून दोन वेळा चहा दिला.

गुरुवारी सकाळी मुलं नणंदेच्या ताब्यात देऊन मी वेश बदलला. ह्यांचा जुना काळा गॉगल लावला आणि डोक्याला रुमाल गुंडाळला. मावशी दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मोठ्या बाई, कुठे निघालात?"

"समितीचं काम आहे," मी म्हटलं.

"गॉगल लावून?"

"उन्हात असतं ते काम!"

सभागृहाच्या कोपऱ्यावर भाजीवाला ओरडला, "मोठ्या बाई, डोळे आले का हो?" पुढे एका मुलाच्या आजोबांनी अडवलं. "बाई, आज शाळा बंद आहे का? तुम्ही रस्त्यावर कशा?" औषधांच्या दुकानातला मुलगा तर काउंटर सोडून बाहेर आला आणि न विचारताच डोळ्यांत घालायचे थेंब देऊ लागला! सगळ्या वसाहतीत मला न ओळखणारं एक कुत्रं तेवढं होतं. ते मात्र चौकापर्यंत माझ्यावर भुंकत आलं.

चकचकीतबाईंच्या काचेच्या दारातून मी आत शिरले. नव्या रंगाचा वास येत होता. भिंतीला लावून खुर्च्यांची एक रांग मांडलेली होती. सगळ्या रिकाम्या! म्हणजे मुलाखती आत चालू होत्या तर! मी पाय न वाजवता पुढे गेले. आणि कोपऱ्यात बघते तो काय, स्टुलावर एक डफली! माझं रक्त उसळलं. ही डफली माझ्या ओळखीची होती! आता डफली प्रत्येक बालवाडीत असते आणि सगळ्या सारख्याच दिसतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण संशय आला की माणूस ठेवणीतलं ज्ञान वापरत नाही.

तेवढ्यात आतून चकचकीतबाई आल्या. आज काही त्या चकचकीत नव्हत्या. केस सुटलेले, कडेवर एक रडणारं पोर, खांद्यावर त्याच्या नाकातलं सगळं.

"मुलाखतीला आलात?" त्यांनी इतक्या आशेने विचारलं की मी दचकले.

"छे! प्रवेशाची चौकशी करायची होती. नातीसाठी."

"नाव काय नातीचं?"

"ठरायचंय."

"वय?"

"जन्मायचीय."

चकचकीतबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही सभागृहामागच्या बालवाडीच्या मोठ्या बाई ना?"

मग मात्र मी गॉगल डोक्यावर चढवला आणि सरळ तोफ डागली. "हो, मीच! कुठे आहेत माझ्या बायका? बाहेर काढा त्यांना!"

"कुठल्या बायका?"

"जास्त भोळेपणा नको! चोरून मुलाखती घेता? माणसं घडवायची आम्ही, आणि आयती न्यायची तुम्ही? अहो, माझी चिऊबाई कशी आहे ठाऊक आहे? पहिल्या दिवशी सगळी खोली आकांत करत असते, ही नुसतं बोटावर तोंड काढून बोटाशी बोलायला लागते आणि पाच मिनिटांत सगळी गप्प! आणि डफलीबाई? पुस्तक न उघडता मुलांना आकडे येतात! आजवर त्यांच्या हातून एका मुलाला साधा ओरखडाही आलेला नाही! अशी माणसं दिवा घेऊन शोधलीत तरी मिळणार नाहीत! आणि तुम्ही काय, जरासा पगार जास्त दाखवलात असेल! आम्ही देतो तो पगार तरी काय असतो म्हणा, कुणीही वर चढवू शकेल!"

चकचकीतबाईंच्या कडेवरचं पोर रडायचं थांबून माझ्याकडे बघत होतं. चकचकीतबाईही बघत होत्या, डोळे मोठे करून.

"बाई, सकाळपासून माझ्याकडे एकही माणूस फिरकलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"खोटं! घ्या, लावा फोन! लिहून घ्या चिऊबाईंचा नंबर. आत्ता इथेच आत घंटा वाजते की नाही बघा!"

मी खडाखडा नंबर सांगितला. त्यांनी स्पीकरवर लावला. मी कान देऊन उभी राहिले. आत कुठेही काही वाजलं नाही. फोनवर मात्र एक अनोळखी बाई बोलल्या. "पेशंटना आता बोलता येणार नाही. तोंडात चिमटा आहे." मागून घूंऽऽ असा आवाज येत होता आणि त्यातच चिऊबाईंच्या बारीक आवाजातलं "आंऽऽ!" ऐकू आलं. ते 'आं' खरं होतं. एवढ्या वर्षांच्या अनुभवावरून सांगते, असं 'आं' खोटं काढता येत नाही.

"बरं, ही खरी असेल," मी म्हटलं. "पण दुसरी आहे इथेच! घ्या, डफलीबाईंचा नंबर!"

तोही खडाखडा सांगितला. तोही लागला.

"कोण बोलतंय?" एका म्हातारीचा आवाज आला. "मला काही दिसत नाहीये हो! डोळ्यांत थेंब घातलेत. सून औषध आणायला गेलीय. काय दाबलं मी, फोन की पंखा?"

मी रिकाम्या खुर्च्यांच्या रांगेतल्या पहिल्याच खुर्चीत बसले. माझी इतकी शोभा आजवर झाली नव्हती. चकचकीतबाई मात्र रागावल्या नाहीत. उलट कुठलीशी गोड स्वप्नं पडत असल्यासारखं बघत होत्या. "किती गुणी आहेत हो तुमच्या बाया!" एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, काय मोठ्या मनाची बाई आहे!

मी उठून निघणार, तेवढ्यात एक आया धावत आली. "बाई, पलीकडच्या खोलीतल्या टीचर गेल्या! त्यांच्या मुलाला शाळेत ताप भरलाय. त्याला घरी आजीजवळ सोडून येते म्हणाल्या."

आणि त्याच वेळी काचेचं दार उघडून एक बाई आत आल्या. हातात लाकडी फळीला लावलेले कागद, पायांत सपाट चपला, चेहऱ्यावर हसू नाही. अशी माणसं मी झोपेतसुद्धा ओळखते. तपासनीसबाई!

पुढे जे घडलं त्यात माझा दोष इतकाच, की मला रिकामी खोली बघवत नाही. पलीकडे खोलीभर मुलं, जवळ नुसती आया! माझे पाय आपोआप तिकडे वळले. मागून चकचकीतबाईंनी हलकेच ढकललंही असेल. मी आत शिरले, सांडलेले ठोकळे गोळा केले आणि मधोमध बसकण मारली. तपासनीसबाई दारात आल्या.

"या खोलीत प्रशिक्षित कोण?"

"मी!" या प्रश्नाला दुसरं उत्तर मला ठाऊकच नाही.

"प्रमाणपत्र?"

माझं प्रमाणपत्र प्लास्टिकमध्ये घालून कायम माझ्या पर्समध्ये असतं. मी ते काढून दाखवलं. त्यांनी वाचलं. डोक्यावरच्या गॉगलकडे एकदा पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि चकचकीतबाईंकडे वळल्या.

"छान. आता मला सभागृहामागच्या बालवाडीत जायचंय. इथून जवळच आहे ना?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं! मग मनाची समजूत घातली की, तिथे नणंद आहे ना! तपासनीसबाईंची पाठ वळल्यावर मी तिला फोन लावला.

"अगं, तपासणीला बाई येतायत तिकडे. मी चौकातल्या शाळेत अडकलेय, इथल्या टीचर मुलाला ताप भरला म्हणून गेल्यात. घाबरू नकोस. तुझं प्रमाणपत्र मागतील, तेवढं घरून मागवून घे."

पलीकडे पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

"वहिनी," नणंद म्हणाली, "रागावणार नाही ना?"

"काय झालं?"

"प्रमाणपत्र नाहीये हो. प्रशिक्षणाला बसले होते मी. पण परीक्षेच्या आधी माझं लग्न निघालं. मग राहून गेलं. तेव्हा कुणी मागायचं नाही, आणि नंतर कुणी विचारलं नाही."

"अगं, मग सांगायचं नाहीस!"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

नव्हतंच विचारलं! मी दूधवाल्यालासुद्धा विचारते की म्हैस कुठली. मावशी उशिरा आल्या तर बसचं तिकीट मागते. आणि घरची म्हणून नणंदेवर मी डोळे मिटून भरवसा टाकला! आमच्या घरात येऊन तीस वर्षं शास्त्र शास्त्र करत होती ती!

मी उठले. दारापर्यंत गेले. मागे वळून पाहिलं तर खोलीभर मुलं आणि एकटी आया. एक चिमुरडी माझ्या पदराला धरून मागे मागे आलेली. मी बाहेर पडले असते तर ही खोली नियमाबाहेर. थांबले तर माझी खोली नियमाबाहेर! चकचकीतबाई स्वतः दुसऱ्या खोलीतल्या मुलांपाशी अडकलेल्या, तिथूनच हात जोडून मला खुणा करत होत्या. नियम माझाच, आणि त्याच्या चिमट्यात मीच! मला खरंच रडू आलं. इतक्या वर्षांची बालवाडी डोळ्यांसमोर बंद पडताना दिसत होती आणि मी दुसऱ्याच्या बालवाडीत बसून ठोकळ्यांचा बंगला बांधत होते.

पोराला आजीकडे सोडून त्या टीचर धापा टाकत परत आल्या, तशी मी पळत सुटले. रुमाल सुटला, गॉगल नाकावर आला. भाजीवाला ओरडला, "बाई, डोळ्यांचं काय झालं?" मी तशीच पुढे धावले. बालवाडीच्या दारात पोचले तेव्हा बोलायला श्वासही उरला नव्हता.

आत सगळं शांत होतं. मला वाटलं, संपलं! मुलांना घरी पाठवलं!

मोठ्या खोलीत डोकावले. तपासनीसबाई मुलांच्या इवल्याशा खुर्चीत गुडघे वर करून बसल्या होत्या. समोर चिऊबाई! उजवा गाल टम्म फुगलेला, तोंडात कापूस. एक शब्द बोलता येत नव्हता, म्हणून नुसत्या हातांनी आणि डोळ्यांनी हत्तीची गोष्ट सांगत होत्या. सगळी मुलं तोंड उघडं टाकून बघत होती. तपासनीसबाईंचंही तोंड उघडंच होतं. पलीकडच्या खोलीत डफलीबाई दुसऱ्या गटाला आकडे म्हणून दाखवत होत्या. माझ्या खुर्चीवर त्यांच्या सासूबाई काळा चष्मा लावून आरामात बसल्या होत्या. आणि नणंद मावशींबरोबर मुकाट्याने पेले विसळत होती.

गोष्ट संपली. तपासनीसबाई वळल्या आणि त्यांनी मला ओळखलं.

"तुम्ही तर आत्ता चौकातल्या शाळेत होतात! नेमक्या कुठल्या शाळेच्या तुम्ही?"

मी नाकावरचा गॉगल काढून पर्समध्ये कोंबायला लागले. तेवढ्यात डफलीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, "आमच्याच आहेत. त्या शाळेतल्या टीचरच्या मुलाला बरं नव्हतं ना? तिथली मुलं एकटी पडायला नकोत, म्हणून आमच्या मोठ्या बाई धावून गेल्या. स्वभावच तसा आहे त्यांचा!"

चिऊबाईंनी फुगलेला गाल सांभाळत जोरजोरात मान हलवली.

"वा!" तपासनीसबाई म्हणाल्या. "अशी माणसं हवीत या कामात." आणि त्यांनी तिथल्या तिथे कागदावर सही करून टाकली. मान्यता मिळाली!

त्या गेल्यावर मी दोघींना विचारलं, "तुम्ही इथे कशा?"

"मावशींनी फोन केला," डफलीबाई म्हणाल्या. "म्हणाल्या, मोठ्या बाई गॉगल लावून बाहेर पडल्यात. तशी रिक्षा केली, वाटेत हिला दवाखान्यातून उचललं आणि आलो. खरं म्हणजे आम्हाला बुधवारीच संशय आला होता."

"संशय? माझा?"

"तुम्ही रजा हसत हसत दिलीत ना, बाई!"

"आणि नळापाशी काय कुजबुज चालायची?"

"दोघींना एकच दिवस हवा होता. तुमच्यापुढे आधी कुणी जायचं, यावरून भांडत होतो."

"ती फाईल?"

चिऊबाईंनी पिशवीतून फाईल काढून माझ्या हातात दिली. आत त्यांच्या दाढेचा एक्स-रे होता. मी तो उजेडात धरून पाहिला. दाढ खरोखरच वाईट होती हो.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी दुखणारी दाढ घेऊन ही बाई माझ्यासाठी धावत आली, दुसरी सासूला हाताला धरून आली, आणि मी त्यांना चोरासारखं शोधत फिरत होते! त्या दोघींचे हात धरून मी म्हटलं, "चुकले मी. आजपासून रजेचं कारण विचारणार नाही. तुम्ही सांगाल ते खरं!" डफलीबाईंचे डोळे भरले. चिऊबाईंनी कापसातून "ऊं ऊं" केलं. मावशींनी सगळ्यांना चहा दिला. एवढा गोड चहा मी कितीतरी दिवसांत प्यायले नव्हते. एवढं सगळं होऊनही एक शंका मनात आली, की डफलीबाई ती थाप किती सफाईने मारून गेल्या! पण मी ती शंका तिथेच दाबली.

पुढच्या सोमवारी दोघी मिळून माझ्या खोलीत आल्या. घड्याळाकडे बघितलं नाही, चहाचं विचारलं नाही. सरळ माझ्या डोळ्यांत बघून उभ्या राहिल्या.

"बाई, गुरुवारी दोघींना रजा हवी होती."

"दिली!" मी हात उडवला. "कारणसुद्धा नको!"

"नाही बाई, सांगणारच," डफलीबाई म्हणाल्या. "आता तुमच्यापासून काही लपवायचं नाही असं आम्ही ठरवलंय. गुरुवारी आमची मुलाखत आहे. चौकातल्या शाळेत. त्या बाईंचा फोन आला होता. पगार आत्ताच्या दीडपट देतायत."

"त्यांना तुमचे नंबर कुणी दिले?" मी ओरडले.

"असं काय करता बाई, तुम्हीच की!" चिऊबाईंचा गाल आता उतरला होता आणि आवाज पुन्हा बारीक झाला होता. "त्यांनी सगळं सांगितलं आम्हाला. मोठ्या बाई स्वतः उन्हातून चालत आल्या, तुमची इतकी स्तुती केली, इथे पगार कमी पडतो म्हणाल्या आणि आपणहून दोघींचे नंबर दिले. आम्ही काय काय समजत होतो तुम्हाला! एवढं मन कुणाचं असतं, बाई?"

आणि त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले. मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"अहो," मी म्हटलं, "काहीतरी खोटं सांगा ना! मी लगेच विश्वास ठेवते!"